एक्क्याण्णव जणांची नावं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्या सरांनी मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवलं. वर्गात आले की ते आधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक नाव लिहायचे. पर्किन, कॅनिझारो, क्लेझन. त्या दिवशी शिकवायच्या अभिक्रियेला ज्याचं नाव चिकटलेलं असेल तो. एकदा मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, एवढ्या सगळ्या रिॲक्शन या माणसानं स्वतःच्या हातानं लावल्या का?" आम्हाला वाटलं, सर रागावणार. सर खडू हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कुणीतरी लावल्याच असणार. त्या सगळ्यांची नावं मला ठाऊक नाहीत." आणि पुढं शिकवू लागले.

आज मला त्या फळ्यावर न आलेल्या माणसाविषयी बोलायचं आहे.

त्याला मराठीत धड नावही नाही. सरकारी कागदावर तो 'रिसर्च असोसिएट', जाहिरातीत 'पोस्ट-डॉक्टरल फेलो' आणि लॅबमध्ये नुसता 'पोस्टडॉक'. पीएच.डी. झालेला, तिशीच्या आसपासचा, स्वतंत्र शास्त्रज्ञ होण्याआधी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दोन-चार वर्षं काम करणारा. गावी गेला की मावशी विचारते, "अजून शिकतोयस की नोकरीला लागलास?" त्याच्यापाशी उत्तर नसतं. गंमत अशी की त्याला पैसे देणाऱ्या संस्थेपाशीही नसतं. रजा मागितली की तो विद्यार्थी. रात्री अकराचा एनएमआर यंत्राचा स्लॉट कुणी घ्यायचा म्हटलं की कर्मचारी. भविष्यनिर्वाह निधीचा विषय निघाला की पुन्हा विद्यार्थी.

सुरुवात अशी नव्हती. १९१९ साली अमेरिकेत नॅशनल रिसर्च कौन्सिलनं रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातल्या तरुण डॉक्टरेटधारकांसाठी फेलोशिप सुरू केल्या. शिकवण्याच्या ओझ्याखाली दबण्याआधी या मुलांना काही काळ मोकळा द्यावा, एवढाच विचार. १९२५ साली ही फेलोशिप मिळालेल्यांत लायनस पॉलिंग होता. पुढच्या वर्षी तो गुगेनहाइम फेलोशिपच्या पैशावर म्युनिकला भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्टकडे गेला, ताजी ताजी पुंजयामिकी शिकला, आणि परत येऊन रासायनिक बंधाकडे बघण्याची रीतच त्यानं बदलली. वेळ त्याचा होता, प्रश्नही त्याचाच होता.

आता त्यानंतरची गोष्ट. जीवनसत्त्व बी-१२ हा रेणू इतका गुंतागुंतीचा की त्याची रचना उलगडायलाच डोरोथी हॉजकिन यांना क्ष-किरणांच्या साहाय्यानं वर्षानुवर्षं खपावं लागलं. १९५६ पर्यंत ती रचना हाती आली. हा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधून दाखवायचा पण हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्डनी आणि झुरिकच्या आल्बर्ट एशेनमोझरनी मिळून घेतला, आणि १९७२ साली तो पुरा झाला. जवळपास बारा वर्षं लागली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही दोन नावं माहीत असतात. पण काम केलं एक्क्याण्णव पोस्टडॉकनी. हार्वर्डला ७७, झुरिकला १४, शिवाय झुरिकचेच १२ पीएच.डी.चे विद्यार्थी. १९ देशांतली माणसं. त्यांची नावं कुणी लपवलेली नाहीत, शोधली तर सापडतात. पण ती कुणाला पाठ नाहीत. मलाही नाहीत.

लॅब ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, या कामाचा रोजचा चेहरा कसा असतो. रिॲक्शन लावायची. तासातासानं टीएलसी टाकून, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर थेंब चढवून, ठिपका सरकला का बघायचं. वर्कअप, म्हणजे मिश्रणातून हवं ते काढून घेणं. कॉलम, म्हणजे नळीतून ते शुद्ध करणं. रोटा नावाच्या फिरत्या यंत्रावर द्रावक उडवायचं. फ्लास्कच्या तळाशी उरलेलं मोजायचं. एकविसाव्या पायरीवर हातात २० मिलिग्रॅम उरलेलं असतं आणि ते एका चुकीनं गेलं तर पुन्हा पहिली पायरी, म्हणजे तीन महिने. मोठ्या संश्लेषणाला 'मोहीम' म्हणतात ते खरंच आहे. पण लढाईतल्या शिपायाला निदान आपण कोणत्या मुलखात आहोत हे ठाऊक असतं. एक्क्याण्णवातल्या एखाद्याच्या वाट्याला रेणूचा एक कोपरा यायचा, आणि दोन वर्षांनी तो कोपरा पुढच्याच्या हवाली करून त्यानं जायचं.

याच कथेत आणखी एक तरुण आहे. बी-१२च्या वाटेवर एक वलय मिटवताना वुडवर्डना अवकाशरचना अपेक्षेच्या नेमकी उलटी मिळाली. असं का, हे कळेना. तेव्हा त्याच हार्वर्डमध्ये रोआल्ड हॉफमन नावाचा पंचविशीतला तरुण ज्युनियर फेलो होता. १९६२ साली डॉक्टरेट झालेली. ज्युनियर फेलो म्हणजे तीन वर्षं मानधन, आणि काय करायचं ते स्वतः ठरवायचं. त्याला कुणाचा कोपरा पुरा करायचा नव्हता. वुडवर्डनी कोडं त्याच्यापुढं ठेवलं. दोघांनी मिळून १९६५ साली ओळीनं निबंध छापले, आणि अशा अभिक्रियेत अवकाशरचना कशी ठरते हे सांगणारे वुडवर्ड-हॉफमन नियम जन्माला आले. हॉफमनना १९८१ साली केनिची फुकुई यांच्यासह नोबेल मिळालं. वुडवर्ड १९७९ साली वारले होते, नाही तर त्यांचं ते दुसरं नोबेल ठरलं असतं.

एक्क्याण्णव जण हॉफमनपेक्षा कमी बुद्धीचे होते, असं मला म्हणायचं नाही. सगळेच हॉफमन होतात, असंही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की एकाला वेळ दिला होता आणि बाकीच्यांचा वेळ घेतला होता. आज जगभर पोस्टडॉकच्या विकासाविषयी कार्यशाळा होतात, पुस्तिका निघतात. मी त्या सगळ्यांना एकच माप लावतो. लॅब सोडून जाताना या माणसाच्या पिशवीत त्याचं स्वतःचं काय असेल?

मी स्वतः १९८०च्या दशकात पश्चिम जर्मनीत पोस्टडॉक केलं. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी मला किल्ली दिली आणि एक कागद दिला. त्यावर तीन प्रश्न लिहिले होते. म्हणाले, पहिले दोन माझे, पैसे त्यांच्यासाठी आलेत, ते नीट कर. तिसरा तुझा. त्याच्यावर मी माझं नाव घालणार नाही, जाताना तो घेऊन जा. मला तेव्हा ही जर्मन शिस्त वाटली. पुढं कळलं की ती त्या एका माणसाची रीत होती, शेजारच्या लॅबमध्ये तसं काहीच नव्हतं. त्या तिसऱ्या प्रश्नावर भारतात परतल्यावर माझी अकरा वर्षं निघाली.

जर्मनीचं कौतुक मी इथंच थांबवतो. तिथं २००७चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे विद्यापीठात डॉक्टरेटच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतं. त्यानंतर बहुतेकांना एक तर कायमची जागा नाही तर दरवाजा, आणि कायमच्या जागा मूठभर. हा कायदा समजावायला तिथल्या मंत्रालयानं एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली होती. तिच्यात हाना नावाची एक काल्पनिक संशोधिका आहे. माणसं सारखी बदलत राहिली की व्यवस्था तुंबत नाही, असा तिचा आशय. जून २०२१ मध्ये ती लोकांच्या नजरेत आली आणि हजारो संशोधकांनी 'मी हाना आहे' म्हणून आपापल्या करारांच्या कहाण्या मांडल्या. मंत्रालयानं फिल्म काढून टाकली. तुंबणं हा गटाराचा शब्द आहे, माणसांच्या बाबतीत वापरताना जपून वापरावा.

आकडा सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं २०१० साली ब्रिटनपुरता हिशेब मांडला होता. विज्ञानात पीएच.डी. झालेल्या शंभरांपैकी विद्यापीठात संशोधनाच्या कायम जागेवर पोहोचतात साडेतीन. प्रोफेसर होतात अर्ध्याहूनही कमी, ०.४५. म्हणजे शंभरातल्या साडेशहाण्णवांना दुसरं काहीतरी करायचं आहे, आणि आपण शंभरही जणांना उरलेल्या साडेतिघांचंच शिक्षण देतो. कुणीतरी वेंकी रामकृष्णन यांचं उदाहरण देईल. येलमधल्या पोस्टडॉकनंतर त्यांनी पन्नासेक ठिकाणी अर्ज केले, जागा मिळाली नाही, आणि तरीही २००९ साली रसायनाचं नोबेल मिळालं. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण चिकाटीची कथा सांगून मुलांना रांगेत उभं ठेवणं हा आम्हा गाईड लोकांचा जुना धंदा आहे, आणि मी तो केलेला आहे.

आता माझं स्वतःचं सांगतो. माझ्याकडे अंबाजोगाईकडचा एक मुलगा पोस्टडॉक म्हणून आला. हात असा की दुसऱ्याकडे ३० टक्के यील्ड देणारी रिॲक्शन त्याच्याकडे ७०वर जायची. दोन वर्षांनी त्यानं विचारलं, "सर, पुढं कसं करू?" मी म्हणालो, "हा पेपर होऊ दे, मग बघू." पेपर झाला. मी पुढचा दाखवला. अशी चार वर्षं गेली. त्याला प्राध्यापकाची जागा मिळणं अवघड आहे हे मला दुसऱ्या वर्षीच दिसत होतं. स्वतःचा प्रश्न उभा करणं त्याला जमत नव्हतं, आणि ते शिकवायला मला सवड नव्हती. खरं कारण आणखी साधं होतं. तो गेला असता तर माझा प्रोजेक्ट बसला असता. मग त्यानं पस्तिशी ओलांडली आणि राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपसारख्या योजनांची दारं वयाच्या अटीनं बंद झाली. आज तो एका कंपनीत क्वालिटी कंट्रोल बघतो. वास्तुशांतीला बोलावलं म्हणून गेलो. जेवणं झाल्यावर मला गच्चीवर घेऊन गेला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, माझा बॉस माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे." त्यानं पुढं काही म्हटलं नाही.

म्हणून पाठबळ या शब्दाचा पहिला अर्थ मी असा लावतो की खरं वेळेवर सांगायचं. दुसऱ्या वर्षी, बसवून, चहा देऊन. अमेरिकन केमिकल सोसायटीनं रसायनवाल्यांसाठी केमआयडीपी नावाचं एक साधन केलं आहे. आपल्याला काय येतं, काय आवडतं, त्याला कुठली कामं जुळतात, असं त्यात माणूस स्वतःच भरत जातो. चांगलं आहे. पण आपल्याकडे असा फॉर्म आला की तो मार्चअखेरीस भरून फायलीत जाईल, हे तुम्हालाही माहीत आहे. गाईड समोर बसणार नसेल तर फॉर्मचा उपयोग शून्य.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे रिसर्च असोसिएटचं मानधन तीन पातळ्यांवर महिना ५८, ६१ आणि ६७ हजार झालं, घरभाडं वेगळं. आकडा अगदीच वाईट नाही. वाईट आहे ते पैसे कधी येतील याचा भरवसा नसणं. बायको-मुलं असलेल्या माणसानं तीन महिने फेलोशिपची वाट बघायची आणि दुकानदाराला सांगायचं काय, तर 'ग्रँट रिलीज झालेली नाही'? कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर २०२२ मध्ये ४८ हजारांच्या आसपास शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यात पोस्टडॉकही होते, आणि त्यांना वाढ मिळाली. आपल्या पोस्टडॉकची संघटना नाही. दोन वर्षांसाठी आलेला माणूस संघटना करणार कधी?

ब्रिटननं २०१९ साली संशोधकांच्या विकासाविषयीचा आपला करार सुधारला. त्यात एक ओळ आहे जी मला फार आवडते. प्रत्येक संशोधकाला वर्षाला निदान दहा दिवस व्यावसायिक विकासासाठी मिळाले पाहिजेत. ते खरोखर मिळतात की नाही हे लॅबप्रमाणे बदलत असणार. पण मागायला हातात कागद तरी आहे. आपल्याकडे पोस्टडॉक एखाद्या दिवशी कंपनीच्या मुलाखतीला गेला तर आजी वारल्याचं सांगून जातो. एकेकाच्या चार-चार आज्या वारलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे दहा दिवस कसे घालवावेत? माझं मत विचाराल तर त्यातले निदान चार एमआयडीसीत. तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, जिथं ओळख असेल तिथं. रसायनाच्या पोस्टडॉकला महाराष्ट्रात अशी संधी दारात आहे जी भौतिकशास्त्रवाल्याला नाही. आमची मुलं १०० मिलिग्रॅमवर मोठी होतात. कारखान्यात १०० किलोची बॅच असते, आणि ती नुसती दहा लाखपट मोठी नसते, वेगळीच असते. फ्लास्कखाली बर्फाचं भांडं ठेवलं की भागतं. मोठ्या रिॲक्टरमध्ये आकारमान जितकं वाढतं तितकं पृष्ठफळ वाढत नाही, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट पुरत नाही. दहा मिनिटांत ओतायचं ते सहा तास थेंबाथेंबानं सोडावं लागतं. ईथर तिथं कुणी आत येऊ देत नाही. आणि कॉलमचं नाव काढलंत तर प्लान्ट मॅनेजर हसतो. शुद्ध करायचं तर स्फटिक पाडा, नाही तर उकळबिंदूवर वेगळं करा. आमच्या पोस्टडॉकला हे चार दिवसांत येणार नाही. पण आपल्याला काय येत नाही ते कळेल, आणि मुलाखतीत तो निदान वेगळ्या भाषेत बोलेल. कंपन्या त्याला 'जास्त शिकलेला' म्हणून नाकारतात त्यामागं निम्मा हा भाषेचा प्रश्न आहे.

उरलेल्या दिवसांत गाईडनं त्याला आपल्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसवावं. प्रस्ताव लिहिताना बजेट कसं करतात, एनएमआरच्या दुरुस्तीचे पैसे कुठून काढतात, निबंध नाकारल्याचं पत्र आल्यावर संपादकाला काय लिहितात, आळशी विद्यार्थ्याशी कसं बोलतात. हे सगळं मी पहिली नोकरी लागल्यावर पहिल्यांदा केलं, आणि चुका केल्या त्या सरकारी पैशानं केल्या.

एका गोष्टीवर रसायनवाल्यांनी वेगळं बोलायलाच हवं. पोस्टडॉकची वर्षं म्हणजे अठ्ठावीस ते चौतीस, म्हणजे मुलं होण्याची वर्षं. आमच्या लॅबमध्ये डीएमएफ हे द्रावक पाण्यासारखं वापरतात, आणि गर्भावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपात ते तसं वर्गीकृत आहे. म्हणजे दिवस गेलेल्या मुलीला ही बातमी सासूआधी गाईडला सांगावी लागते. सांगितलं तर प्रोजेक्ट जाण्याची भीती, न सांगितलं तर रोज विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडपुढं उभं राहायचं. काही मुली सांगत नाहीत. तिला सहा महिने आकडेमोडीचं किंवा लेखनाचं काम देता येतं, हूडपुढचं काम दुसऱ्याला देता येतं. त्याला वेगळं अनुदान लागत नाही, आधी ठरवलेलं लागतं.

सुरक्षिततेतही पोस्टडॉक मधल्यामध्ये सापडतो. सीनियर म्हणून त्याला कुणी शिकवत नाही, आणि टिकाऊ नाही म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हवाई विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण भरलेल्या टाकीचा स्फोट झाला आणि तिथं काम करणाऱ्या एका पोस्टडॉक महिलेला हात गमवावा लागला. लॅब जैवइंधनाची होती, पण वायू आमचेच. आदल्या दिवशी छोट्या भांड्यात तसाच लहानसा प्रकार घडला होता, हे चौकशीत पुढं आलं. धोक्याची पहिली चाहूल हूडपुढं उभ्या असलेल्यालाच लागते. त्यानं 'थांबा' म्हटलं तर त्याचा करार वाढेल का, हा प्रश्न त्याच्या मनात येता कामा नये.

सभागृहात गाईड मंडळी बरीच दिसताहेत. त्यांना सांगण्यासारखं होतं ते मी स्वतःच्या उदाहरणातून सांगितलं आहे. शेवटचे दोन शब्द मागं उभ्या असलेल्या मुलामुलींसाठी.

पुढच्या वर्षी तुमच्यातले काही जण पुण्यात, बंगळुरूत, सोलमध्ये, झुरिकमध्ये पोस्टडॉकला जाल. जागा मिळाल्याच्या आनंदात लगेच हो म्हणू नका. आधी विचारा की पैसे किती महिन्यांसाठी मंजूर आहेत. याआधीचे दोन पोस्टडॉक आज कुठं आहेत ते विचारा, आणि जमलं तर त्यांच्याशी फोनवर बोला. आणि विचारा की निघताना या लॅबमधला कुठला प्रश्न मी माझा म्हणून बरोबर नेऊ शकेन. माणूस चांगला असेल तर रागावणार नाही. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच संध्याकाळी त्यांना एक ई-मेल पाठवा, 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून. आणि ती ई-मेल जपून ठेवा.